सिलिंडर गावात, चूल कोपीपुढं: पोटातल्या लेकराच्या वाट्याला किती धूर?

दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात, पिठाची पोती चढतात, लेकरं चढतात. कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतो. एक वस्तू मात्र बहुतेक वेळा कुलूपबंद घरातच राहते, ती म्हणजे गॅसचा लाल सिलिंडर.

सरकारी कागदावर हे घर 'गॅसधारक' असतं. पण त्या घरातली सून पुढचे पाच-सहा महिने कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते. ती गरोदर असेल तर त्या धुरात तिचं लेकरूही असतं. हवेचं प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबई आठवते. पण गरोदर बाईच्या बाबतीत सगळ्यात जवळचा धूर चुलीचा असतो, आणि त्याची मोजदाद कुठंच होत नाही.

या धुरानं नवजात बाळाचं नेमकं काय नुकसान होतं, गॅस दिल्यानं ते भरून निघतं का, आणि आपल्या जिल्ह्यात घोडं कुठं अडलंय, ते पाहूया.

धूर पोटापर्यंत पोचतो कसा?

चुलीच्या धुरात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे अतिबारीक कण. यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे हे कण असतात. नाकातले केस आणि शेंबूड त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तात उतरतात.

पूर्वी असा समज होता की बाळाची वार, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव, ही घाण गाळून घेते. २०१९ मध्ये बेल्जियमच्या हासेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. २०२२ मध्ये याच विद्यापीठानं आणि स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन विद्यापीठानं मिळून आणखी तपासलं, तेव्हा न जन्मलेल्या बाळाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही काजळी मिळाली. म्हणजे लेकरानं पहिला श्वास घ्यायच्या आधीच धूर त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. हा वायू त्या हिमोग्लोबिनवर जागा धरून बसतो, मग प्राणवायूला जागा उरत नाही. आता आपल्याकडची गोष्ट बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच हिमोग्लोबिन कमी, त्यात उरलेल्यावर धुराचा कब्जा. बाळाला प्राणवायू कमी पडला की वाढ खुंटते.

वजनाचा हिशेब

जन्मताना बाळ अडीच किलोच्या खाली भरलं की त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात. सदतिसावा आठवडा पूर्ण होण्याआधी जन्मलं तर अपुऱ्या दिवसांचं. अशा बाळांना अंगची ऊब टिकवणं, दूध ओढणं, श्वास घेणं, जंतुसंसर्गाशी झगडणं, सगळंच अवघड जातं.

धुराचा आणि वजनाचा संबंध अनेक ठिकाणी मोजला गेला. तामिळनाडूत सुमारे १,३०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक घनमीटर हवेत बारीक कण १० मायक्रोग्रॅमनं वाढले की बाळाचं वजन सरासरी ४ ग्रॅमनं कमी भरलं. चीनमध्ये २००८ च्या ऑलिम्पिकसाठी बीजिंगमधले कारखाने आणि गाड्या काही आठवडे आवरल्या होत्या. त्या काळात ज्या बायकांना आठवा महिना लागला होता, त्यांची बाळं आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमनं जड भरली.

आता कुणीही म्हणेल, २३ ग्रॅम म्हणजे काय, दोन चमचे साखर! एका बाळापुरतं बघितलं तर खरंच किरकोळ. पण आपली बाळं कुठं उभी आहेत ते बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला होता. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या घरात. तिकडचं बाळ थोडं घटलं तरी रेषेच्या बरंच वर राहतं. आपलं बाळ रेषेच्या काठावरच असतं. काठावरच्याला थोडासा धक्काही पुरतो.

या धक्क्याची देशभराची बेरीज मोठी आहे. 'स्टेट ऑफ ग्लोबल एअर' या २०२० च्या जागतिक अहवालाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख १६ हजार बाळं जन्मल्यापासून महिन्याभरात हवेच्या प्रदूषणाशी संबंधित कारणांनी दगावली. यातली बहुतेक कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची होती. जगभरातल्या अशा मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश घरातल्या धुराशी जोडलेले होते.

मग गॅस दिला की झालं?

इथं थोडं थांबायला हवं. 'गॅस द्या, बाळं धष्टपुष्ट होतील' इतकं हे सोपं नाही.

भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातला भाग तामिळनाडूत होता. सुमारे ३,२०० गरोदर बायका निवडल्या. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष फुकट सिलिंडर घरपोच दिले. बाकीच्या चुलीवरच राहिल्या. गॅसवाल्या बायकांच्या श्वासातले बारीक कण घनमीटरला सुमारे ७१ वरून २४ मायक्रोग्रॅमवर आले, म्हणजे तिसऱ्या हिश्शावर. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात फरक फक्त २० ग्रॅमच्या आसपास निघाला. तो इतका लहान होता की गॅसमुळेच पडला असं ठामपणे म्हणता येईना.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या बायकांना गॅस मिळाला तेव्हा तिसरा ते पाचवा महिना चालू होता. वार तयार व्हायचा सुरुवातीचा काळ धुरातच गेला होता. दोन, २४ मायक्रोग्रॅम हीसुद्धा स्वच्छ हवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षभराच्या सरासरीची मर्यादा ५ आहे. आपली चूल विझली तरी शेजारची पेटलेली असते, रस्त्याची धूळ आणि रानातला जाळ असतोच.

आणि खरी मेख पुढं आहे. बाळाचं वजन एकट्या धुरावर ठरत नाही. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की ज्या बायका दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्यांना अंगमेहनतीचं काम जास्त होतं त्यांची लहान. म्हणजे गॅस हवाच, पण त्याच्या जोडीला पोटात अन्न, अंगात रक्त आणि पाठीला आराम हवा.

ऊसतोडीच्या बाईला चारही बाजूंनी मार

हे सगळं एकत्र धरलं की ऊसतोडीला जाणारी गरोदर बाई डोळ्यापुढं येते.

ती पहाटे अंधारात उठून चूल पेटवते. थंडी-वाऱ्यामुळं चूल कोपीच्या तोंडाशी किंवा आत असते. जळण म्हणजे ओली-सुकी लाकडं आणि पाचट. पाचट भडकन पेटतं आणि धूर जास्त करतं. मग दिवसभर ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणं. परत आली की पुन्हा चूल. उचल घेतलेली असते, खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातही काम सुटत नाही.

त्यात रानातला जाळ. फड तुटला की बरेच शेतकरी पाचट पेटवून देतात, तोडणी लवकर व्हावी म्हणून कधी उभा ऊसही जाळतात. जळीत ऊस तोडणारे हात याच टोळ्यांचे असतात.

चौथा मार तपासणीचा. गावात आशाताई ओळखीची असते, उपकेंद्र जवळ असतं, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. टोळी हलली की हे सगळं मागं राहतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन बाळ बघायचं असतं. पण जे बाळ कोपीत आहे, त्याच्या दारात कोणत्या गावची आशाताई जाणार? म्हणजे ज्या बाळाला सगळ्यात जास्त धोका, तेच यादीतून निसटतं.

योजना आहेत, मग अडतं कुठं?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. तिचं आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते दिलं गेलं. आज देशात १० कोटींहून जास्त कनेक्शन आहेत. हे काम छोटं नाही.

पण कनेक्शन मिळणं वेगळं आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर होणं वेगळं. उज्ज्वलाचं कुटुंब २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेत होतं. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचारच्या जवळ आला. घरात पाच माणसं असतील तर एवढ्यात वर्षभराचा स्वयंपाक भागत नाही. म्हणून चहा-भाजी गॅसवर, आणि भाकरी व अंघोळीचं पाणी चुलीवर, असा बहुतेक घरांचा हिशेब असतो. खरा वेळ आणि खरा धूर तर भाकरीचा आणि पाण्याचाच असतो!

केंद्राकडून उज्ज्वलाच्या सिलिंडरला ३०० रुपये अनुदान आहे. २०२५-२६ साठी वर्षाला नऊ सिलिंडरची मर्यादा घातली आहे. राज्याची अन्नपूर्णा योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यात पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. मात्र गॅस जोडणी बाईच्या नावावर लागते, आणि आधी खिशातून पैसे भरायचे, मग ते खात्यावर येतात. हातात रोकड नसलेल्या घराला हीच पहिली पायरी जड जाते.

ऊसतोडीच्या कुटुंबाची अडचण याहून वेगळी आहे. भरलेल्या मोठ्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास. तो ट्रॅक्टरवर न्यायचा कसा, परगावात भरायचा कुठं, पाचटाच्या कोपीत ठेवायचा कसा? यावर तोडगा नियमांतच आहे, पण फार जणांना माहीत नाही. उज्ज्वलात १४.२ किलोच्या एका सिलिंडरऐवजी ५ किलोचे दोन लहान सिलिंडर घेता येतात. २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तर कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. म्हणजे दार उघडं आहे. कारखान्याच्या तळापर्यंत ते लहान सिलिंडर पोचवायची जबाबदारी मात्र कुणी उचललेली नाही.

मोजमापाचंही तसंच. २०१९ मध्ये केंद्रानं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात आपल्या राज्यातली जालना, लातूर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, चंद्रपूर अशी शहरं आहेत. कार्यक्रम शहरांचा, यंत्रं शहरांत, निधीही शहरांना. उसाच्या फडात किंवा आपल्या वस्तीवर हवा किती खराब आहे, ते मोजणारं यंत्रच नाही. ज्याचं मोजमाप नाही, त्याची तक्रार कोणाकडं करायची?

आपल्या हातात काय आहे?

घरात कुणाला दिवस गेले असतील तर सगळी व्यवस्था होईपर्यंत वाट बघू नका. काही गोष्टी आजपासून करता येतात.

- दिवस गेल्याचं कळलं की लगेच चूल सोडा. सातव्या महिन्यात सुनेला चुलीपासून उठवण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात उठवलेलं जास्त उपयोगी. सिलिंडर पुरवून वापरायचाच असेल तर तो या नऊ महिन्यांत वापरा.
- कोपीवर चूलच असेल तर ती उघड्यावर, वारा पाठीमागून येईल अशा जागी मांडा. लाकडं वाळवून, बारीक फोडून घ्या. प्लास्टिक, रबर, चिंध्या जाळू नका. चुलीपुढं आळीपाळीनं बसा, गरोदर बाईची पाळी कमीत कमी लावा. घरातल्या पुरुषांनीही भाकरी थापली तर काही बिघडत नाही.
- मशेरी आणि तंबाखू बंद. मुंबईत १,२०० हून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता. मशेरीसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. मशेरी भाजतानाचा धूर वेगळाच. नवऱ्याची बिडीही कोपीच्या बाहेर, लांब.
- रक्तवाढीच्या गोळ्या चुकवू नका. टोळीसोबत जाताना गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. ते कार्ड दाखवून कोणत्याही गावच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेता येते.
- बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी नको. शेकायची, धुरी द्यायची आपली जुनी रीत आहे. आजी-सासूबाई ते मायेनंच करतात. पण बंद खोलीत धगधगते निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्यानं माय-लेकराचा जीवही जाऊ शकतो. ओवा-वेखंडाची असो नाहीतर उदाची, धुरी बाळाच्या फुप्फुसाला धूरच असते. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा, तीही आईला, बाळाला नको.
- बाळ हलकं असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून धरा. दिवसातला जास्तीत जास्त वेळ धरा. आई थकली तर बाप किंवा आजीही धरू शकते. ही ऊब शेगडीपेक्षा कितीतरी चांगली. दूध फक्त आईचं.
- बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, छाती भराभर उडत असेल तर अंगारा-धुपारा नको. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

लहान सिलिंडर कोपीवर नेणार असाल तर शेगडी कोपीबाहेर मोकळ्या जागी लावा, पाचटापासून लांब. सिलिंडर उभाच ठेवा आणि रात्री रेग्युलेटर बंद करा. धूर टाळताना आग लागायला नको.

आणि हे प्रश्न विचारायचे कुणाला?

घरातल्या बाईनं काळजी घ्यावी, एवढं सांगून विषय संपत नाही. तिच्या हातात जेवढं आहे, त्याहून जास्त इतरांच्या हातात आहे.

ग्रामसभेत विचारा: टोळ्या निघायच्या आधी गावातल्या गरोदर बायकांची यादी होते का? ती यादी ज्या तालुक्यात टोळी जाणार, तिथल्या आरोग्य केंद्राला कळवली जाते का? मुकादमाला कारखान्याचं नाव, गट, मुक्काम सगळं माहीत असतं. आशाताईला ते कळवायला एक फोन पुरतो.

गॅस एजन्सीला विचारा: पाच किलोचे सिलिंडर आहेत का, बदलून मिळतील का? दिवाळीआधीच्या महिन्यात तालुक्याच्या गावी एक शिबिर लावलं तरी शेकडो कुटुंबांचं काम होईल.

कारखान्यांना विचारा: टनामागं ऊस मोजता, तळावर किती गरोदर बायका आहेत ते मोजता का? तळावर लहान सिलिंडरचा पुरवठा करणं साखर कारखान्याला अवघड नाही. सातव्या महिन्यानंतर बाईला मोळी वाहायला लावू नये आणि तरी कोयत्याची उचल फिटावी, असा करार व्हायला हवा. तो कारखाना, मुकादम आणि कामगार संघटना यांच्यातच होऊ शकतो.

आणि ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांनी स्वतःला विचारावं: पाचट जाळून काय मिळतं? ते सरीत पसरून कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय खत होतं, पाण्याची ओल टिकते. जाळलं तर खतही गेलं आणि धूर शेजारच्या कोपीत गेला.

गॅसचं कनेक्शन दिलं, की यादीत बरोबरची खूण होते. पण पोटातल्या बाळाला कनेक्शन कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आईच्या श्वासात आज धूर होता की नव्हता. पुढच्या हंगामात टोळ्या निघतील तेव्हा ट्रॅक्टरवर तो लहान सिलिंडर चढतो का, आणि गरोदर बाईचं नाव टोळीच्या आधी तिकडच्या दवाखान्यात पोचतं का, यावरून कळेल की या यादीतून आपण काही शिकलो की नाही.